आतोबांनी मला दिलेलं शून्य

मेंदूच्या आजारांवर मी आजवर जे काही लिहून छापलं, त्यातला एकच लेख लोकांनी वाचला, आणि तोही मुख्यतः मीच त्यांच्या हातात कोंबला म्हणून. विषय असा की लकव्याचा झटका आल्यावर मालव्यातली माणसं दवाखान्यात इतकी उशिरा का पोचतात. मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीनं तुंबली असेल, तर ती गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे. पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि हे घड्याळ झटक्यापासून सुरू होत नाही, कारण झटका नेमका कधी आला हे बहुतेक वेळा कुणालाच माहीत नसतं. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, तिथून ते सुरू होतं. उशीर झाल्यावर तेच औषध मेंदूत रक्तस्राव करू शकतं. म्हणून डॉक्टर घरच्यांना पहिल्यांदा वेळ विचारतो. आणि घरचे, असं मी त्या लेखात जरा चढ्या आवाजात लिहिलं होतं, चुकीची वेळ सांगतात. डोळ्यांसमोर घडलेलं त्यांना दिसत नाही, आणि मग लाजेपोटी ते वेळ पुढे ओढतात.

'डोळ्यांसमोर घडलेलं त्यांना दिसत नाही' हे वाक्य माझं फार लाडकं होतं. दोन परिषदांत मी ते थांबून, चष्मा काढून म्हटलं होतं.

या लेखावरून सामान्य लोकांसाठी चार पानांचं मराठी पत्रक करावं असं मनात आलं. आमच्या मराठी घरांतली पुढची पिढी हिंदी शाळांत शिकलेली. ते पत्रक वाचणार कोण, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. माझं स्वतःचं मराठीही धारच्या हिंदी शाळेतून जसं निघायचं तसंच निघालेलं. म्हणून ते तपासायला देवासच्या आतोबांकडे न्यायचं ठरलं.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. जन्मभर गणित शिकवलं. मिशी झुबकेदार, आवाज त्याहून झुबकेदार. भाषेत चूक दिसली की त्यांना खडा लागल्यासारखं व्हायचं. लहानपणी सुट्टीत देवासला गेलो की ते माझी पत्रं लाल शाईत दुरुस्त करून मलाच परत द्यायचे. मी पन्नाशी ओलांडून इंदूरच्या दवाखान्यात विभागप्रमुख झालो, तरी त्यांच्यासमोर उभं राहिलं की मला आपली नखं वाढलीत का हे बघावंसं वाटतं.

तो श्रावणी सोमवार होता. गावाचा, म्हणजे हिंदी पंचांगाचा, सावन राखीला संपतो. आमचा मराठी श्रावण तेव्हा अर्धाच झालेला असतो. अशा सोमवारी आतोबांचं मौन असतं. पहाटे आंघोळ करून सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसले की नैवेद्य होईपर्यंत बोलणं नाही आणि कुणाची शिवाशिव नाही. काही सांगायचंच झालं तर शेजारी दगडी पाटी असते, लाकडी चौकटीची, आणि पेन्सिल. हे मला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर म्हणूनच मी सोमवार निवडला. लेख वाचून दाखवताना ते मधे बोलू शकणार नाहीत, हा माझा हिशेब.

रविवारी धारला घरी मुक्काम केला आणि सकाळी निघालो. नऊपर्यंत येतो, असं आत्याला कळवलं होतं. पीथमपुरच्या फाट्यावर गरम पोहे आणि त्यावर जलेबी दिसली. पहिली प्लेट भुकेनं खाल्ली, दुसरी संशोधकाच्या चिकित्सेनं. मग घड्याळ बघून आत्याला फोन लावला.

"आत्या, कारखान्यांच्या शिफ्टच्या बसांमध्ये अडकलोय गं. दहा वाजतील."

"तोंडात काय आहे?" आत्यानं विचारलं.

"काही नाही."

"बरं. यांना सांगते. हळू चालव."

दहाला पोचलो. आत्या स्वयंपाकघरात, कढईपाशी. आतोबा देवघरात पाटावर बसलेले, उजवी बाजू भिंतीला, डावी माझ्याकडे. कपाळावर भस्म, मिशी जागच्या जागी. सोवळ्यात असल्यामुळे मी लांबूनच नमस्कार केला. त्यांनी मान हलवली. आशीर्वादाला हात उचलला की नाही, कुठला उचलला, हे मी बघितलं नाही. मी पिशवीतून लेख काढत होतो. पुढं दोन तासांनी याच एका गोष्टीसाठी मी स्वतःला कुरतडणार होतो.

वाचायला सुरुवात करण्याआधी मेंदूचं चित्र काढावं म्हटलं. पाटी उचलली. समोरची बाजू काहीतरी लिहून भरलेली होती, म्हणून उलटी केली. वाचली नाही. मला वाचायची सवय आहे ती फक्त स्वतःच्या लिखाणाची. मागच्या कोऱ्या बाजूवर कोबीसारखा मेंदू काढला, आणि तब्बल पस्तीस मिनिटं वाचत सुटलो.

काय वाचलं ते सांगायला हवं. मी वाचलं की चेहऱ्याची एक बाजू ओघळते. मी वाचलं की एक हात लुळा पडतो. मी वाचलं की बोलणं जातं, कधी नुसती जीभ अडखळते, तर कधी शब्दच सापडत नाहीत, लिहिताही येत नाही. हे सगळं मी अडीच हातांवर बसलेल्या अशा माणसाला वाचून दाखवलं, ज्याचं त्या क्षणी हे सगळंच गेलेलं होतं. आतोबा माझ्याकडे एकटक बघत होते. मला वाटलं, विषय भिडलाय.

शेवटचं पान संपवून मी पाटी पुढं सरकवली. "आतोबा, अभिप्राय?"

आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा डोळ्यांवर चढवला तेव्हा माझ्या कोबीशेजारी एक वाकडंतिकडं वर्तुळ होतं. तोंड न मिटलेलं, शेवटी घसरलेलं.

गणिताच्या मास्तरांनी मला शून्य दिलं, असं मी समजलो. फार लागलं. त्यांची अक्षरं कशी असतात हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. शून्यसुद्धा ते कंपासनं काढल्यासारखं काढत. पण अपमान झाला की माणूस अक्षराकडे बघत नाही.

तेवढ्यात आत्या नैवेद्याचं ताट घेऊन आली. नैवेद्य दाखवला तो तिनंच. आतोबा नुसते बघत राहिले. मग तिनं तीर्थासाठी हात पुढं केला. आतोबांनी पळी उचलली. डाव्या हातानं.

पळी थरथरली, निम्मं तीर्थ पाटावर सांडलं. आत्याचा हात तसाच पुढं राहिला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "डाव्या हातानं?"

"खांदा धरला असेल," मी म्हणालो. आता आवाजात थोडा राग होता, शून्याचा. "या वयात धरतो. मी गोळी लिहून देतो."

आत्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. "यांचा उजवा हात मोडून प्लास्टरमध्ये होता, तेव्हा देवाचं सगळं मी करत होते. पण यांनी डाव्या हातानं तीर्थ दिलं नाही कधी." मग ती त्यांच्यासमोर खाली बसली आणि जे आजवर कधी बोलली नव्हती ते बोलली. "अहो, मौन सोडा. माझ्यासाठी सोडा. काय होतंय ते सांगा."

आतोबांनी तोंड उघडलं. मिशीची उजवी बाजू हललीच नाही. घशातून एक स्वर आला, नुसता स्वर. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. आणि मग त्यांच्या डोळ्यांत जे आलं, ते मी हजारदा इतरांच्या डोळ्यांत बघून कागदावर टिपलेलं होतं. आतोबांच्या डोळ्यांत ते असू शकतं, हे मला कधी सुचलं नव्हतं.

मी सोवळं मोडून त्यांचा उजवा हात धरला. ओल्या टॉवेलसारखा होता.

पुढची दहा मिनिटं मला तुकड्यातुकड्यांत आठवतात. शेजारचे गृहस्थ धावत आले. "भिया, तुम गाड़ी चालू करो, बाबूजी को मैं लाता हूँ," म्हणून त्यांनी आतोबांना मुकट्यासकट उचललं. आत्यानं पंचा, औषधांची पिशवी, चष्मा असं काहीबाही एका थैलीत भरलं. अकराला पाच मिनिटं कमी असताना आम्ही इंदूरच्या रस्त्याला लागलो. गाडीतूनच मी विभागात फोन लावला: सीटी स्कॅन मोकळा ठेवा, पेशंट घेऊन येतोय.

"अटैक का टाइम क्या है, सर?" पलीकडून विचारलं. माझी विद्यार्थिनी, देवासजवळच्या हाटपिपल्याची, आता तिथंच डॉक्टर. हुशार आणि तितकीच चिवट. माझ्या लेखासाठी घरोघर फिरून वेळा टिपल्या होत्या त्या तिनंच.

"सांगतो," म्हणालो आणि फोन ठेवला. तेव्हा कुठं हिशेब करायला लागलो.

"आत्या, ते शेवटचं नीट कधी बोलले?"

"पहाटे. आंघोळीला जाण्याआधी."

"त्यानंतर?"

"त्यानंतर मौन नाही का?" मागच्या सीटवर आतोबांचं डोकं तिच्या खांद्यावर होतं. "सातला पाटीवर लिहून दाखवलं होतं, फुलं कमी पडतील म्हणून. मी कण्हेरीची आणून दिली."

"माझा फोन आल्यावर?"

"मी स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगितलं, तो उशिरा येतोय म्हणून. यांनी घंटा वाजवली. कळलं की वाजवतात तशी."

घंटा डाव्या हातात असते. पूजा करणारा प्रत्येक माणूस ती डाव्या हातानंच वाजवतो. त्या घंटेवरून काहीच सिद्ध होत नव्हतं.

म्हणजे सात. सात अधिक साडेचार, साडेअकरा. गाडी दवाखान्याच्या फाटकात शिरली तेव्हा पावणेबारा झाले होते.

स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. म्हणजे गुठळी होती, म्हणजे औषध चालणार होतं, फक्त वेळ बसली पाहिजे. वेळ कळत नसली की एमआरआय काढून अंदाज बांधता येतो काही वेळा. पण आतोबांच्या छातीत एमआरआयला न चालणारा जुना पेसमेकर होता, तो दरवाजाही बंद. विद्यार्थिनी हातात फॉर्म घेऊन उभी होती. इंजेक्शनची कुपी ट्रेमध्ये होती. मला ती दिसत होती.

"सर, आप दस बजे पहुँचे थे. तब ये ठीक थे?"

एवढाच प्रश्न. हो म्हटलं तर घड्याळ दहापासून, आणि हातात भरपूर वेळ. हो म्हटलं तर औषध पाच मिनिटांत शिरेत. आत्या भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. तिला हिंदी चांगलं कळतं, आणि माझा चेहरा त्याहून चांगला कळतो.

मी आठवायचा प्रयत्न केला. देवघर, भस्म, मिशी, हललेली मान. हात? माझ्या आठवणीत हाताच्या जागी माझाच लेख होता. मेंदू किती सरळपणे मदतीला येतो बघा: दोनतीन सेकंदांत त्यानं मला उजवा हात तयार करून दिला. आशीर्वादाला उचललेला, बोटं पसरलेली, अगदी खरा वाटावा असा. घरचे खोटं बोलत नाहीत हे मला तेव्हा कळलं. त्यांना असा हात दिसतो.

"सर?"

"लक्षात नाही," मी म्हणालो. "मी बघितलं नाही. पस्तीस मिनिटं समोर बसलो होतो आणि बघितलं नाही."

तिनं फॉर्मकडे बघितलं. हळू आवाजात म्हणाली, "तो फिर सात बजे लिखना पड़ेगा, सर. आपने ही सिखाया है. घरवालों का अंदाज़ नहीं लेना."

"हो," म्हणालो. "सातच लिही."

लिहिण्यासाठी तिनं पेन टेकवलं. आत्याला सात म्हणजे काय हे कुणी समजावलं नव्हतं, पण ट्रे मागं सरकवलेला तिनं बघितला. ती पुढं झाली, थैलीत हात घातला आणि पंच्यातून पाटी काढली.

"यांच्याजवळ ठेवू दे एवढी," ती म्हणाली. "शुद्धीत आहेत. काही सांगावंसं वाटलं तर?"

तिनं ती पाटी माझ्या हातात दिली. वर माझा कोबी, त्याच्या बाजूला ते शून्य. मला ते बघवेना म्हणून मी पाटी उलटी केली.

दुसऱ्या बाजूला आतोबांचं अक्षर होतं. टपोरं, एका रेषेत, अनुस्वार जागच्या जागी:

'लोक उशिरा का येतात, या विषयावर लिहिणारे गृहस्थ अद्याप यावयाचे आहेत. त्यांच्यासाठी चहा दुसऱ्यांदा ठेवू नये. तोंडात जलेबी असणार.'

मी दोनदा वाचलं. आजवर मला आलेल्या कुठल्याही अभिप्रायाकडे मी इतकं बारकाईनं बघितलेलं नाही. मी उशिरा येतोय हे आतोबांना फोन येण्याआधी कळणं शक्य नव्हतं. फोन आत्यानं घेतला होता. फोन मी केला होता. मी खिशातून मोबाइल काढला, दोनदा चुकीचं बटण दाबलं. यादीत होतं: आत्या, आठ सत्तेचाळीस.

"फोननंतर तू त्यांना जलेबीचं सांगितलंस?"

"सांगितलं ना. उशिरा येतोय म्हणाला, म्हटलं, तोंड भरलेलं आहे."

पाटी आणि मोबाइल मी विद्यार्थिनीसमोर धरले आणि सगळं सांगितलं, जलेबीसकट. हाटपिपल्याला मराठी शेजारात वाढल्यामुळे तिला थोडंफार मराठी कळतं. तिनं ते अक्षर बघितलं, मग पाटी उलटून ते शून्य बघितलं, पुन्हा अक्षर. आत्याला वेगळं विचारलं, पाटीवर दुसऱ्या कुणी लिहिलं का, हे अक्षर यांचंच का, फोननंतर तुम्ही काय ओरडून सांगितलंत. माझ्यावर तिनं विश्वास ठेवला नाही, हे मला आवडलं. मग फॉर्मवर लिहिलं: आठ सत्तेचाळीस. भिंतीवर बारा वाजून सोळा मिनिटं झाली होती.

औषध गेलं. त्यानंतरचा तास मी बाकावर बसून काढला. रक्तस्राव होतो तो याच काळात, हे मला माहीत होतं, आत्याला नव्हतं. ती मला धीर देत होती. मधेच म्हणाली, "नैवेद्य तसाच राहिला रे ताटात." आणि थोड्या वेळानं, "तू आज उशिरा आलास ते बरंच झालं. वेळेवर आला असतास तर यांनी ते लिहिलंच नसतं." मला यातून सांत्वन घ्यायचं की नाही ते ठरवता येईना. आल्याआल्याच मी पाटी वाचली असती, हात बघितला असता, तर दहालाच निघालो असतो आम्ही. हे मी तिला सांगितलं नाही. ते इथं लिहितो आहे.

संध्याकाळपर्यंत उजवा पाय हलायला लागला. दुसऱ्या दिवशी बोटं. बोलणं मात्र येईना. आतोबा ओठ हलवायचे, चिडायचे, भिंतीकडे तोंड करायचे. आत्या त्यांच्याशी नेहमीसारखी बोलत राहायची, ते मौनात असल्यासारखी. त्या दोघांना त्याचा सराव होता.

पत्रकाचं सांगायचं तर ते मी तिथंच दवाखान्यात बसून पुन्हा लिहिलं. घरच्यांबद्दलचं ते लाडकं वाक्य काढून टाकलं. त्या जागी लिहिलं की घरातला माणूस रोज जे करतो त्यात फरक दिसला, तर त्याला कारण शोधत बसू नका. उपास, मौन, राग, खांदा, काहीही असो. आधी गाडी काढा. परिषदेत थांबून म्हणण्यासारखं हे वाक्य नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थिनी तपासणीचा कागद घेऊन आली. त्यात वस्तू दाखवून नावं विचारायची असतात. पेन दाखवलं; आतोबांनी बराच वेळ बघून मान हलवली. तिनं मनगटावरचं घड्याळ दाखवलं. आतोबांच्या कपाळावर घाम आला. आत्यानं पदर मुठीत धरला.

"घ," ते म्हणाले. मग पुन्हा, "घड्या... ळ."

आत्या बसली. खुर्ची नव्हती तिथं, पलंगाच्या कडेवर.

विद्यार्थिनीनं बरोबरची खूण केली आणि शेवटचं म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं. "बाबूजी, ये कौन हैं?"

आतोबांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ. मिशीची उजवी बाजू अजून जड होती, डावी किंचित वर गेली.

"उ," म्हणाले. "उशी... र."

आत्या पदराआड हसायला लागली, आणि मग ते हसणं राहिलं नाही. विद्यार्थिनीनं कागदावर शेवटच्या चौकटीत फुली मारली.

"फुली का?" मी विचारलं. "उत्तर बरोबर आहे."

"नाम पूछा था, सर."

"अगं, ते माझंच नाव घेताहेत. अगदी बरोबर उत्तर आहे. खोड ती फुली."

तिनं कागद छातीशी धरला. "रेकॉर्ड में बदलाव नहीं करते, सर. आपने ही सिखाया है," म्हणाली आणि पुढच्या पलंगाकडे गेली.

आतोबांनी डाव्या हातानं पाटीकडे खूण केली. मी दिली. मिशी वरच होती. अक्षर कुठलंच उमटेना, पण अंगठ्यानं त्यांनी माझ्या कोबीशेजारचं ते शून्य घासून घासून पुसून टाकलं. कोबी तसाच ठेवला.